तेंदेंगसाहेबांचे हिरवे दिवे

बेनुआ तेंदेंग आमच्या चॅनेलमध्ये इंटरकॉमचा प्रमुख आहे. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर फोटो, आणि त्या फोटोतसुद्धा गळ्यात पट्टा. दाकारच्या उन्हात जाकीट घालतो मेला! का, तर त्याच्या यंत्राला गारवा लागतो म्हणून त्याच्या तंबूत एसी लावलाय, आणि त्या एसीत साहेबांना थंडी वाजते. आम्ही बाकीचे शेजारच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, घामाने निथळत बसायचो, त्याचं कोणाला काही नाही.

त्याच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. ते ऐकायचं असेल तर खुशाल तिकडे जा. मी तेनिंग न्गोम, फातिकची, सेरेर जमातीची बाई. कुस्तीच्या थेट प्रक्षेपणाची दिग्दर्शक होते. आता सकाळच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला बसते. दोन कॅमेरे, एक शेगडी. तिथे कढईत कांदा पडतो, आमच्या पडद्यावर पडण्यासारखं आता तेवढंच उरलंय. ही पाळी माझ्यावर कशी आली ते सांगायचं तर तेंदेंगपासूनच सुरुवात करायला हवी.

तो जोला जमातीचा. खाली कासामान्सचा, उसुयेच्या बाजूचा. जोला आणि सेरेर म्हणजे दोन बहिणींची लेकरं. समुद्रात होडी फुटली, एक बहीण उत्तरेला लागली, एक दक्षिणेला. तेव्हापासून आमचं नातं असं की एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. मी त्याला गुलाम म्हणणार, तो मला गुलाम म्हणणार. मी त्याला भातखाऊ म्हणणार, तो माझ्या बाजरीची टर उडवणार. त्याच्या लग्नात मी नवरीच्या आधी परातीवर बसले आणि मटणाचे चांगले तुकडे वेचून खाल्ले. त्याची आई चकार शब्द बोलली नाही, उलट हसून हसून तिला ठसका लागला. शिव्या कितीही द्याव्यात. पण सेरेरने जोलाचं आणि जोलाने सेरेरचं वाईट करायचं नाही, हे त्या शिव्यांच्या मागचं खरं. एवढं आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

झिगिंशोरच्या बोटीतून तो दाकारला आला तेव्हा त्याच्याकडे एक पिशवी होती आणि तिचाही बंद तुटलेला. चर्चच्या गायकमंडळासाठी माइकच्या वायरी ओढायचा. मी त्याला तिथे पाहिलं. वायर गुंडाळायची पद्धत चांगली होती, गाठ पडू द्यायचा नाही. मीच चॅनेलच्या मालकांना म्हटलं, "माझा एक गुलाम आहे, त्याला ठेवून घ्या." मालक हसले आणि ठेवून घेतलं. तर हे असं. माझ्याच हाताने मी त्याला दारातून आत घेतलं.

जुना इंटरकॉम म्हणजे एकच तार होती. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, कमरेला डबा; एक बोलला की सगळ्यांनी ऐकायचं. पिकीनच्या आखाड्यात सहा कॅमेरे, चहूकडे ढोल, हजारो माणसं ओरडतायत. तिथे लाईन चालू आहे की नाही हे कसं तपासायचं? आम्ही शिव्यांनी तपासायचो.

"ए भातखाऊ! जागा आहेस, की तांदळाच्या पोत्यावर डोकं ठेवून घोरतोयस?"

"जागाच आहे गं, गुलामे. तुझ्या बाजरीचा भुसा कानात गेला, तो काढत होतो."

एवढं झालं की सहाही कॅमेऱ्यांवरून हसू यायचं. मी हसू मोजायचे. सहा जण हसले तर सहा डबे ठीक. ज्याचं हसू आलं नाही त्याची बॅटरी बदल, नाहीतर वायर बघ. इतकी साधी गोष्ट, पण कधी चुकली नाही. आणि तेंदेंगचं काही चुकलं तर मी तिथल्या तिथे झाडायचे: "अरे मूर्खा, तुझी केबल ढोलवाल्यांच्या पायाखाली आलीये, उचल!" तो "उचलतो गं सटवे" म्हणायचा आणि उचलायचा. हे मीच बोलू शकायचे. बाकी कोणाची छाती नव्हती. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत तुमचं चुकलं असं म्हणत नाहीत. नजर खाली घालतात, "हो काका" म्हणतात, आणि चूक आहे तशी राहते. जोलाची चूक जोलाला तोंडावर सांगायला सेरेरच लागतो.

मग मागच्या हंगामात एक पडणं आमच्या हातून अर्धं निसटलं. कुस्तीत दुपारभर नाच चालतो, ढोल चालतात, पैलवान अंगावर ताईत बांधतात, बाटल्याच्या बाटल्या मंतरलेलं पाणी आणि दूध ओतून घेतात. खरी लढत नंतर, आणि पडणं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्यासाठी अख्खा देश टीव्हीसमोर बसलेला असतो. त्या दिवशी दोन नंबरचा कॅमेरा वळायला उशीर झाला. ज्याने त्याने मालकांना फोन करून सुनावलं. मालकांनी मला बोलावलं.

"तेनिंग, तुझं म्हणणं एका तारेवर सहा जण बोलतात म्हणून गोंधळ होतो. बरं. मी नवीन इंटरकॉम मागवतो, मॅट्रिक्स का काय म्हणतात तो. ज्याला सांगायचं त्यालाच ऐकू जाईल. पण त्यानंतर पडणं हुकलं, तर त्या खुर्चीत तू दिसणार नाहीस."

मी म्हटलं, "हुकणार नाही."

यंत्र यायच्या आधी तेंदेंगला ते शिकायला परदेशात धाडलं, थंडीच्या मुलुखात. गेला तेव्हा माणूस होता, परत आला तो साहेब होऊन. दर तिसऱ्या वाक्यात मॅट्रिक्स. "मॅट्रिक्समध्ये असं चालत नाही." "मॅट्रिक्सला हे मान्य नाही." जणू मॅट्रिक्स म्हणजे त्याचा सासराच! गळ्यात तो पट्टा तेव्हाच आला.

यंत्र त्याने बसवलं ते मात्र सुबक बसवलं, खोटं कशाला बोलू. लोखंडी रॅकमध्ये पेटी, पेटीतून निघालेल्या केबली एका रांगेत, प्रत्येकीला चिठ्ठी. माझ्या टेबलावर बटणांची पट्टी आली, प्रत्येक बटणावर नाव, नावाखाली बारीक दिवा. बटण दाबून धरलं तर धरेपर्यंतच बोलणं जातं. नुसती टिचकी मारली तर लाईन उघडीच राहते, पुन्हा टिचकी मारेपर्यंत. आणि कोणाचं बोलणं कोणाकडे जायचं हे सगळं त्याच्या लॅपटॉपवर. चौकटीच चौकटी, उभ्या रांगेत बोलणारे, आडव्या रांगेत ऐकणारे, जिथे खूण केली तिथे रस्ता उघडला. खूण काढली की रस्ता बंद. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला की याच्या तोंडावर असं काही तेज यायचं की बघवत नसे. कोणी कोणाशी बोलायचं हे ठरवणारा देवच जसा!

माझी पट्टी मी पाहिली. एक ते सहा कॅमेरे, आवाजवाला, रिप्लेवाला. तेंदेंग नव्हताच.

"अरे ए, माझ्या पट्टीवर तुझं बटण कुठंय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? यंत्राला काही झालं तर मी तुला बोलावू कशी, ढोल वाजवून?"

"मादाम न्गोम," तो म्हणाला. मादाम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला. "लाईनवर आता शिस्त आणायची आहे. तिकडे कोणी कोणाला कामाच्या वेळी गुलाम म्हणत नाही. हसणं-खिदळणं नाही. विचारल्याशिवाय कॅमेऱ्याने बोलायचं नाही. तुम्हाला हवी ती बटणं तुम्हाला दिलेली आहेत. तांत्रिक बाजू माझी."

"आणि लाईन चालू आहे की नाही ते कसं कळणार?"

"दिवे आहेत ना. हिरवा म्हणजे ठीक."

"दिवा हसतो का रे?"

पूर्वीचा तेंदेंग असता तर म्हणाला असता, तुझं तोंड बघून दिवासुद्धा हसेल. हा हसला नाही. लॅपटॉप मिटला, पट्टा सारखा केला आणि आपल्या गार तंबूत निघून गेला. शिंगं फुटली म्हणतात ना, ती मी या डोळ्यांनी फुटताना पाहिली.

आणखी एक उद्योग त्याने करून ठेवला होता, तो मला तेव्हा माहीत नव्हता. या मॅट्रिक्समध्ये एका आवाजाला पहिला मान देता येतो. तो माणूस बोलायला लागला की बाकीच्यांचे आवाज ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप दबतात. तिकडे त्याला शिकवलं असणार की पहिला मान कार्यक्रमाच्या प्रमुखाला द्यायचा. आता प्रमुख कोण? कुठल्याही देशात विचारा, दिग्दर्शक. पण याने मान कोणाला दिला? स्वतःला! इंटरकॉमचा प्रमुख ना तो. तर तेंदेंगसाहेबांचं बटण उघडं असलं की सहाही कॅमेऱ्यांच्या कानात फक्त तेंदेंगसाहेब. माझा आवाज गडप. आणि माझ्या पट्टीवर? सगळे दिवे हिरवे.

रंगीत तालमीला कॅमेरे दोनदा उशिरा वळले. मी व्हॅनमधून उतरून तीन नंबरकडे गेले. तीनवर बिराम होता. वाळूला टेकून बसायचं, कोपऱ्यात, पैलवानांच्या पायांजवळ. ती जागा मी त्याच्याशिवाय कोणाला दिली नसती. हात पक्का, डोळा पक्का, आणि संस्कार इतके चांगले की कधी कधी त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटे.

"बिराम, उशीर का झाला? माझं ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं ताई... म्हणजे... ढोल फार होते."

"कुठले ढोल? ढोलवाले आज आलेच नाहीत!"

त्याने नजर खाली घातली. मी त्याला तसाच तेंदेंगच्या तंबूत नेला. तेंदेंगने पडद्यावर हिरवे ठिपके दाखवले. "बघा. सहाच्या सहा. काय रे बिराम, काही अडचण आहे?"

"नाही काका. सगळं ठीक आहे."

"ऐकलंत, मादाम?"

बिरामच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण ते त्याच्या तोंडून काढणं माझ्याच्याने झालं नाही. बाहेर आल्यावर पुन्हा विचारलं, तर "सवय होईल ताई" एवढंच म्हणाला. जुनी लाईन असती तर मला विचारावंच लागलं नसतं. मी शिवी दिली असती, सहा हसू आली नसती, आणि मी जाऊन तेंदेंगचं मानगूट धरलं असतं.

मग तो सामना आला. थियारोयेचा खांब आणि यूम्बलचा बैल, या नावांनी गाजलेले दोन पैलवान. गल्ल्या ओस पडल्या होत्या, इतके लोक एक तर आखाड्यात नाहीतर टीव्हीपुढे. नाच झाला, दूध झालं, बाटल्या झाल्या, ताईत बांधून झाले. तोपर्यंत ठीक चाललं होतं. मी सांगत होते, कॅमेरे वळत होते. पंचाने शिट्टी वाजवली. दोघे समोरासमोर उभे राहून हातांनी हवा झोडायला लागले. हे कितीही वेळ चालतं. बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण दिग्दर्शकाने पापणी हलवायची नाही.

दोघे सरकत सरकत कोपऱ्याकडे गेले. बिरामच्या कोपऱ्याकडे. पंचाची पाठ एक नंबरच्या कॅमेऱ्यापुढे आली. आता हे दिसणार होतं फक्त बिरामला.

"तीन, खाली. वाळूवर ये."

तीनच्या पडद्यावर ढोलवाल्यांचा म्होरक्या होता. तो तसाच राहिला.

"तीन! बिराम! डावीकडे! माणसं दाखव, माणसं!"

दिवा हिरवा. बटण मी इतक्या जोरात दाबलं होतं की नख वाकलं. सगळ्या कॅमेऱ्यांचं एक बटण असतं, तेही दाबलं. ओरडले. व्हॅनमधले सगळे दचकून माझ्याकडे बघायला लागले. बाहेर कोणालाच काही नाही. चार नंबर बायकांचा नाच दाखवतोय, पाच नंबर झेंडा. जो तो आपल्या मनाने चाललेला. मी तीन नंबरचंच चित्र टीव्हीवर सोडलं, म्हटलं आता वळेल, आता वळेल. तेवढ्यात आखाड्यातून तो आवाज आला. पडल्याचा. व्हॅनच्या पत्र्यातून आत आला.

पडद्यावर ढोल होता. ढोलाचं कातडं आणि त्यावर एक काठी. सगळ्या देशाने तेच पाहिलं. आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, सहाही कॅमेरे एकदम माझ्या हुकमाप्रमाणे वळले. बैल वाळू झटकत उठत होता.

पुढे काय विचारता! बैलाची माणसं म्हणाली, तो घसरला, पडला नाही. खांबाची माणसं म्हणाली, पाठ टेकली. पंचांनी आमच्याकडे चित्र मागितलं. चित्र असेल तर देऊ ना! पाण्याच्या पिशव्या उडाल्या, खुर्च्या उडाल्या. आमच्या व्हॅनवर दगड आले.

मालकांनी दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. तेंदेंग लॅपटॉप घेऊन आला, जाकिटात. बिराम दाराजवळ, नजर जमिनीला खिळलेली. मी म्हटलं, "मी हुकूम दिले. व्हॅनमधल्या सगळ्यांनी ऐकलेत. कॅमेऱ्यांपर्यंत पोचले नाहीत."

मालक तेंदेंगकडे वळले. "काय रे? यंत्रात बिघाड होता?"

एवढंच विचारलं होतं. "बघावं लागेल" म्हणाला असता तरी चाललं असतं. "माहीत नाही" म्हणाला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. त्याने लॅपटॉप मालकांकडे फिरवला.

"यंत्र व्यवस्थित होतं, साहेब. सगळे दिवे हिरवे होते. दिलेला हुकूम पोचतोच. आता हुकूम वेळेवर दिला गेला होता का, ते मी कसं सांगणार? मी तर माझ्या तंबूत होतो."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हॅनमधली माणसं माझी, ती माझ्याच बाजूने बोलणार, असं मालक म्हणाले. माझी खुर्ची त्याच दुपारी गेली.

पुढे काही दिवसांनी बिराम माझ्या घरी आला. चटईवर बसला. मी चहा ठेवला. पहिला प्याला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तोंड उघडलं.

"ताई, काका फोनवर बोलत होते."

"कुठले काका? कधी?"

"तेंदेंगकाका. कुस्तीच्या वेळी. आमच्या कानात तेच होते. सासऱ्यांना सांगत होते की सगळे आवाज माझ्या हातात आहेत, मी सोडला तर जातो, मी अडवला तर थांबतो. मध्ये मध्ये शेंगदाणे खात होते. मला वाटलं तुम्ही गप्प आहात."

मी कपाळावर हात मारला. "आणि तालमीला?"

तो चटईचा काठ उसवायला लागला. "तालमीला बायकोची मनधरणी चालली होती, ताई. ती रुसली होती."

"अरे मग सांगायचंस ना मुडद्या! मला सांगायचंस, त्याला सांगायचंस!"

"काकांना कसं सांगू? त्यांचं घरातलं बोलणं आम्ही सहा जण ऐकतोय, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू?" तो जवळजवळ रडवेला झाला होता. "आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना चारचौघांत बोलला असता."

बोलले असतेच! मग काय आरती ओवाळली असती? पण त्या पोराला रागावून काय उपयोग. जिला सांगण्याचा हक्क होता तिच्याच पट्टीवर त्याने आपलं बटण ठेवलं नव्हतं.

निघताना बिराम दारात थांबला. "अजून एक आहे ताई. पैलवान पडला ना, तेव्हा काका फोनवर बोलता बोलता 'अरे देवा' म्हणाले. मग टक् असा आवाज झाला. आणि लगेच तुमचा आवाज आला. तुम्ही ओरडत होतात."

म्हणजे त्याला कळलं होतं. आपलं बटण उघडं राहिलंय हे त्याने पाहिलं, बंद केलं, आणि रात्रभर झोपून दुसऱ्या दिवशी मालकांपुढे तो हिरव्या दिव्यांचा पाढा म्हणाला. नुसता मूर्ख असता तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. मूर्ख जोला मला नेहमीच प्रिय.

तुम्ही म्हणाल, मालकांकडे जाऊन सांगायचं. बिराम साक्ष देणार नव्हता. काकांच्या विरुद्ध उभं राहण्यापेक्षा त्याने नोकरी सोडली असती. पण तेही एक वेळ सोडा. मला दुसरा मार्ग सापडला असता, मी काही लेचीपेची नाही. पण मी सेरेर आहे आणि तो जोला आहे. मी त्याची भाकरी घालवली असती तर उद्या माझ्या आजीच्या थडग्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहिले असते? त्याने नातं मोडलं म्हणून मीही मोडायचं, हे मला जमलं नाही. मी गप्प बसले आणि कांदे दाखवायला लागले.

तेंदेंगला त्या दिवसापासून मी भेटले नाही. ऑफिसात तो समोरून आला की जिना बदलायचा.

मग माझ्या मुलीला, दिबोरला, मुलगी झाली. बारशाला आमच्या अंगणात मेंढा कापला, सकाळी बाजरीची खीर दह्याबरोबर वाटली, सगळी गल्ली जमली. बारशाला जोलांना बोलावणं लागत नाही. ते येतात, स्वयंपाकात घुसतात, काळीज-कलेजी पळवतात, बाळाला उचलून म्हणतात की ही आमची गुलाम, आमची आम्हाला द्या. मग त्यांना काहीतरी देऊन बाळ सोडवून घ्यायचं. हसून हसून पोट दुखतं. दोन-तीन जोला येऊन गेले होते आणि माझ्याकडून यथेच्छ शिव्या खाऊन गेले होते.

दुपारी फाटकात तेंदेंग उभा. जाकीट नाही, पट्टा नाही. जुना फिका सदरा, आणि खांद्यावर तांदळाचं पोतं. स्वतःच स्वतःला भातखाऊ म्हणवून घ्यायला आला होता. फाटकातूनच ओरडला, अगदी जुन्या आवाजात:

"ए गुलामांनो! उठा! तुमचा मालक आला! कुठंय ती बाजरीची म्हातारी, माझं मटण लपवून बसली असेल!"

सगळं अंगण हसायला लागलं. सगळे माझ्याकडे वळले. आता तेनिंग काय म्हणते! माझी मावशी तर पदर तोंडाशी धरून तयारच होती.

मी उठले. हात पुसले. पुढे गेले.

"या, तेंदेंगसाहेब," मी म्हटलं. "या ना, आत या. उन्हातून आलात. घरची मंडळी बरी आहेत ना?"

हसू हळूहळू थांबलं. त्याला वाटलं मी थट्टा सुरू करतेय. "गुलामे, साहेब काय म्हणतेस! उचल हे पोतं, नाहीतर विकून टाकीन तुला!"

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? ठेवा तिथे. दिबोर, साहेबांना खुर्ची आण."

खुर्ची आली. सगळे चटयांवर, परातीभोवती, खांद्याला खांदा लावून. तो एकटा खुर्चीवर. मी वेगळी बशी काढली, तिच्यात भात वाढला, वर मटणाचे चांगले तुकडे ठेवले, चमचा ठेवला, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. आमच्याकडे असं सरकारी पाहुण्याला देतात.

"तेनिंग," तो हळूच म्हणाला, "मी परातीत खाईन गं. सगळ्यांबरोबर."

"छे छे, तुम्ही आरामात बसा. मीठ बरोबर आहे ना?"

मावशीने मला कोपर मारलं. "अगं, बोल ना त्याला काहीतरी! जोला आहे तो!"

"पाहुणे आहेत, मावशी. आमच्या ऑफिसातले प्रमुख आहेत."

मावशीने तोंडाशी धरलेला पदर सोडला. सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या, आमच्याकडे जातात तशा. तेंदेंगने दोन चमचे खाल्ले. बाळाकडे पाहिलं, पण उचललं नाही. ही माझी गुलाम असं त्याला म्हणवलं नाही. बशी खुर्चीखाली ठेवली आणि उठला. जोला आमच्या घरून जाताना चोरलेलं मटण कागदात बांधून पळत सुटतो आणि आम्ही मागून चपला फेकतो. याला मी फाटकापर्यंत पोचवायला गेले, पाहुण्याला पोचवतात तसं. पदर नीट घेऊन.

फाटकाबाहेर तो थांबला. डोळे भरले होते मेल्याचे.

"तेनिंग, एक शिवी दे. एकच दे गं. मग जातो."

"सावकाश जा हं, तेंदेंगसाहेब," मी म्हटलं. "पुढे रस्ता खणलाय."

आणि फाटक लावून घेतलं, आवाज न करता.